कापड, पाणी आणि ऊन

आजच्या अग्रलेखाचा विषय पाहून काही घरांतून हा अंक पालथा घातला जाईल, हे आम्हांस ठाऊक आहे. धर्मांतराची व हक्कांची चर्चा करणाऱ्या पाक्षिकाने बायकांच्या पाळीच्या कापडावर आणि तान्ह्या मुलांच्या बाळोत्यांवर अग्रलेख लिहावा, हे काही वडीलधाऱ्यांस रुचणार नाही. त्यांस आमचे नम्र सांगणे असे की, अस्पृश्यता जोवर 'रीत' होती तोवर तिच्याविरुद्ध कोणत्याही कचेरीत फिर्याद नव्हती. ती चारचौघांत बोलण्याचा विषय झाली, तेव्हाच ती अन्याय ठरली. पाळी ही आपल्या घरात अजून रीतच आहे. 'कावळा शिवला', 'बाहेर बसली', 'अडचण आहे', 'शिवायचे नाही' अशी तिला चार नावे आहेत. त्यांपैकी एकातही ती नेमकी काय आहे हे सांगितलेले नाही.

प्रश्न वरकरणी लहान दिसतो. लातूर व नांदेड जिल्ह्यांतील मजूर कुटुंबांतल्या मुलींना व मातांना, धुऊन पुन्हा वापरता येतील असे कापडी पॅड आणि तान्ह्या मुलांसाठी कापडी लंगोट परवडणाऱ्या किमतीत मिळावेत काय? आणि मिळाले तर ते वापरले जातील काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे देणे सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर देताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, आणि आम्हांस आज लिहावयाचे आहे ते मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नाविषयीच.

आधी हिशेब पाहू. एका मुलीला महिन्याला बारा पॅड लागतात असे धरा व एकाची किंमत चार रुपये धरा. महिन्याचे अठ्ठेचाळीस, वर्षाचे ५७६ रुपये झाले. घरात आई व दोन वाढत्या मुली असतील तर वर्षाचे १७२८. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरलेली होती. म्हणजे साडेपाच दिवस मातीचे काम करावे तेव्हा तिघींची ही एक गरज भागते. त्यात तान्हे मूल असेल आणि त्याला दिवसाला दहा रुपयांचे तीनच विकतचे लंगोट लावले, तर महिन्याला ९०० रुपये हवेत. इतके पैसे कोणती मजूर बाई खर्च करते? कोणतीच नाही. ती एकच लंगोट दिवसभर ठेवते आणि मुलाच्या मांड्या सोलवटतात. तिची मुलगी एकच पॅड सकाळी शाळेला जाताना लावते व संध्याकाळी घरी आल्यावर काढते.

कापडी पॅड एक चांगल्या प्रतीचा घेतला तर शे-दोनशे रुपयांस पडतो, परंतु तो पंच्याहत्तरएक धुण्या सोसतो. पाच पॅडचा संच म्हणजे दोन-तीन वर्षांची निश्चिंती. हिशेब स्वच्छ आहे. मग अडते कोठे? गरिबाच्या घरात पैसा पाकिटापाकिटाने येतो व पाकिटापाकिटानेच जातो. तीस रुपयांचे पाकीट दर महिन्यास घेणे तिला कसेबसे जमते. साडेसातशे रुपये एका दिवशी काढणे जमत नाही. दीर्घ मुदतीत जे स्वस्त ते पहिल्या दिवशी महाग असते, आणि मजुराच्या घरी पहिला दिवस ओलांडणे हेच अवघड. म्हणून हे संच फुकट किंवा हप्त्याने दिले पाहिजेत. नुसते 'उपलब्ध' करून भागणार नाही.

येथे कोणी म्हणेल, आपल्या आज्या-पणज्या जुन्या लुगड्याच्या घड्याच वापरीत होत्या, त्यांना कोठे कोणी संच दिले होते? या प्रश्नात एक मोठी फसगत दडलेली आहे. आजीचे लुगडे सुती होते. शे-सव्वाशे वेळा धुऊन ते इतके मऊ झालेले असे की, त्याचे बाळोते तान्ह्याच्या अंगाला टोचत नसे आणि त्याची घडी रक्त शोषून घेई. आज वस्तीतल्या बाईच्या अंगावर जी स्वस्त साडी आहे ती बहुधा नायलॉन किंवा पॉलिस्टरची असते. ती फाटत नाही, लवकर वाळते, पण थेंबभर पाणी शोषत नाही. म्हणजे गरिबाच्या घरातील 'जुने कापड' नावाची वस्तूच गेल्या दोन पिढ्यांत नाहीशी झाली, आणि ती नाहीशी झाल्याची नोंद कोणी घेतली नाही. घडी राहिली, कापूस गेला.

आणि हे घडले कोठे? तर कापसाच्या मुलखात. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८४ साली 'एनएचएच-४४' हे संकरित वाण दिले, त्याने मराठवाड्याच्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे हात दिला. निजामी राजवटीत उभी राहिलेली नांदेडची उस्मानशाही गिरणी आज बंद पडलेली आहे. उदगीरच्या केंद्रात तर आपल्या राष्ट्रध्वजाचे खादीचे कापड विणले जाते व नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचे ध्वज तयार होतात. वाचकहो, हे दोन जिल्हे देशाचा तिरंगा विणतात. त्यांच्याच मजूर वस्तीत मुलीला शोषणारे हातभर सुती कापड मिळत नाही. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल करून सरकारने पॉलिस्टरच्या व यंत्रावर केलेल्या ध्वजांनाही परवानगी दिली, तेव्हा खादीच्या विणकरांच्या पोटात गोळा आला, तो सकारण आला. आमची सूचना अशी की, ध्वजाच्या मागणीवर डोळे लावून बसलेल्या या मागांवर मऊ सुती पट्टा विणावयास घ्यावा व वस्तीतल्या बचत गटांकडून त्याचे पॅड आणि लंगोट शिवून घ्यावेत. वरचा थर मऊ सुताचा, मधले थर शोषणारे, खालचा थर ओल बाहेर न सोडणारा, आणि दोन्ही बाजूंस टिचबटणाचे पंख, एवढीच ती कारागिरी. ज्या बाईला परकर शिवता येतो तिला हे शिवता येते. मराठीत 'शिवणे' या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. एका अर्थाने चार दिवस आपल्या बायकांनी काही शिवायचे नसते. दुसऱ्या अर्थाने त्यांनी शिवावयास बसावे, असे आमचे म्हणणे आहे.

हे काम कोणी केलेच नाही असेही नाही. दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने २००४ च्या त्सुनामीनंतर जुन्या सुती कपड्यांतून पाळीचे कापड करून वाटण्यास आरंभ केला. तमिळनाडूत ऑरोविल येथे 'इको फेम' ही संस्था २०१० पासून गावातल्या बायकांकडून धुण्याजोगे पॅड शिवून घेते. केरळात अलप्पुळा नगरपालिकेच्या हद्दीत २०१९ साली पाच हजार स्त्रियांना रबरासारख्या पदार्थाचा, वर्षानुवर्षे टिकणारा कप देण्यात आला. मार्ग एक नाही, अनेक आहेत. ज्या मुलीला जो मानवेल तो तिने घ्यावा. पण जेथे विकतचे पॅड आज येतात आणि उद्या बंद होतात, त्या लातूर-नांदेडच्या खेड्यांत धुण्याच्या कापडाचा विचार अगोदर करावा लागतो.

'आज येतात उद्या बंद होतात' हे आम्ही रागाने लिहीत नाही, अनुभवाने लिहितो. ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने 'अस्मिता' योजना सुरू केली. जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत. योजना चांगली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरील बारा टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. ऑगस्ट २०१९ पासून जनऔषधी केंद्रांत एका रुपयाला एक पॅड मिळू लागला. पण जनऔषधी केंद्र असते तालुक्याच्या गावी, तेथवर जाण्याचे एस.टी.चे भाडे पाकिटाहून महाग. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा काय झाले ते आठवा. जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत पॅड व लंगोट येतात की नाही, याचा खुलासा करावयास केंद्राच्या गृहखात्यास निराळे पत्र काढावे लागले. शाळा बंद, म्हणून शाळेतून मिळणारे पॅडही बंद. पाळी मात्र टाळेबंदीत बंद झाली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारला शाळकरी मुलींसाठी देशभर एकसारखे धोरण आखण्यास सांगितले. पुढे ३० जानेवारी २०२६ च्या निकालात पाळीचे आरोग्य हा जीविताच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भाग असल्याचे सांगून शाळांतून मोफत पॅड व मुलींसाठी वेगळ्या प्रसाधनगृहांचा आदेश दिला. या निकालाचे आम्ही स्वागत करतो. ज्यांना तो राबवावयाचा आहे त्यांच्या मागे आपण लागले पाहिजे. परंतु शाळेत मिळणारा पॅड शाळेत जाणाऱ्या मुलीलाच मिळतो. जी आठवीत शाळा सोडून धाकट्या भावंडांना सांभाळीत बसली तिचे काय? जी दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेली तिचे काय? आणि तिच्या आईचे?

उसाच्या फडाचे नाव निघाले म्हणून सांगतो. जळकोट, अहमदपूर, कंधार, मुखेड या भागांतून दरसाल कोयते बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी; दोघांची मिळून एक उचल. बाईने एक दिवस पाळीच्या दुखण्याने पालावर पडून काढला तर तो खाडा, आणि खाड्याचा दंड पाचशे रुपयांपर्यंत. शेजारच्या बीड जिल्ह्यात हे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊस तोडणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. त्यास कारणे अनेक होती. कर्करोगाची भीती घालणारे खाजगी डॉक्टर होते, तपासणीची सोय नसलेली सरकारी केंद्रे होती, लहान वयातली लग्ने होती. पण फडावर ना आडोसा, ना पाणी, ना बदलावयास कापड, आणि वर्षानुवर्षे अंगावर वाळलेले तेच ते फडके. या गोष्टींचाही त्यात वाटा होता. ज्या समाजाने स्त्रीला पाळीसाठी एक बादली पाणी व एक आडोसा दिला नाही, त्याने तिला गर्भाशयच काढून टाकण्याची सोय मात्र तालुक्याच्या गावी करून दिली!

बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकास पाठिंबा दिला होता. मजूर स्त्रीला बाळंतपणाच्या आगेमागे विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे व त्याचा भार मालकाने व सरकारने उचलावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुसऱ्याच वर्षी मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. फडावरच्या बाळंतिणीपर्यंत तो कायदा अजून पोहोचावयाचा आहे. तिचे मूल उसाच्या पाचटावर फडक्यात गुंडाळलेले असते. सुती लंगोटांचा एक संच तिच्या हाती पडला तर ते मूल ओले राहणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कापडी पॅडविरुद्ध डॉक्टर मंडळी एक आक्षेप घेतात व तो खरा आहे. ओडिशात झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, विकतचे पॅड वापरणाऱ्या स्त्रियांपेक्षा कापड वापरणाऱ्या स्त्रियांत जंतुसंसर्ग अधिक आढळला. इतक्यावर थांबून पुष्कळ लोक 'कापड घाण, पॅड स्वच्छ' असा निकाल देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही कापडाची गणना 'आरोग्यदायी साधनांत' होत नाही, मग ते कितीही स्वच्छ धुतलेले व उन्हात वाळविलेले असो. परंतु ओडिशातच त्यानंतर, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या संशोधनाने पुढचा प्रश्न विचारला: कापड वापरणाऱ्यांत कोणाला संसर्ग होतो? आणि त्यात कापड घरात वाळविण्याचा संसर्गाशी संबंध दिसून आला.

घरात का वाळवितात, वाचकहो? अंगणात ऊन नाही म्हणून? मराठवाड्यात दुसरे काही नसेल, ऊन आहे! मार्चपासून जूनपर्यंत दोरीवर टाकलेले कापड दोन तासांत कडक होते. तरीही आपली मुलगी ते कापड परकराखाली झाकून, पलंगाच्या मागे, न्हाणीच्या कोपऱ्यात, गवताच्या गंजीत खोचून वाळविते. ते दमट राहते. तेच ती पुढल्या वेळी लावते. कापड दोषी नाही. कापड लपवावे लागते, हा दोष आहे. बाप पाहील, भाऊ पाहील, दारावरून जाणारा पाहील, कोणाच्या दृष्टीस पडेल. या भयाने जे ऊन सर्वांना फुकट आहे ते तिला मिळत नाही. मराठवाड्यातल्या मुलीचा हा हक्क आहे: तिचे कापड दोरीवर, उन्हात, सर्वांच्या देखत वाळत घालण्याचा. हा हक्क मिळाला नाही तर शिवलेले पॅड, वाटलेले संच, सगळे वाया. ते चार महिन्यांत कुजतील व देणारे म्हणतील की, 'या लोकांना वापरता आले नाही.'

हे भय आले कोठून? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, कोणास शिवले असता स्नान करून शुद्ध व्हावे लागते याची एक यादी आहे. त्या यादीत चांडाळ आहे, रजस्वला आहे, पतित आहे, बाळंतीण आहे आणि प्रेत आहे. एकाच श्लोकात! महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी तो ग्रंथ जाळण्यात आला, तेव्हा त्या एका श्लोकातून आपला बाप आणि आपली आई दोघांचीही सुटका व्हावयास हवी होती. बापाची झाली. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्यास बंदी केली. आईची मात्र झाली नाही, कारण तिला अस्पृश्य ठरविणारे कोणी गावाबाहेरचे नव्हते, घरातलेच होते. २८ सप्टेंबर २०१८ रोजी शबरीमलाच्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात, पाळीवरून स्त्रीला दूर ठेवणे हाही अस्पृश्यतेचाच प्रकार होय असे म्हटले. त्या निकालाचे काही प्रश्न पुढल्याच वर्षी मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आले. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आमचा सवाल घरातला आहे. ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, देव्हारा विसर्जित केला, त्यांच्या घरातली सून चार दिवस विहारात वंदनेला का येत नाही? तिला कोणी मनाई केली? विचारले तर कोणीच केली नाही असे उत्तर येते. मनाई करणारा दिसत नाही, मनाई मात्र पाळली जाते.

आणि याच बाबतीत आपल्या परंपरेत काय आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विनयपिटकातील भिक्खुनी-विभंगात 'आवसथचीवर' नावाच्या एका वस्त्राचा उल्लेख आहे. पाळी आलेल्या भिक्खुनींनी वापरावे म्हणून संघाला दिलेले हे वस्त्र. थुल्लनंदा नावाची भिक्खुनी ते वापरी व सोडीतच नसे, त्यामुळे पाळी आलेल्या इतर भिक्खुनींना ते मिळेना. तक्रार भगवंतांपर्यंत गेली आणि नियम झाला: दोन-तीन दिवस वापरावे, चौथ्या दिवशी धुवावे व दुसरीच्या स्वाधीन करावे, तसे न करणारी दोषी. आजच्या आरोग्यशास्त्राप्रमाणे एकीचे कापड दुसरीने वापरू नये, प्रत्येकीचा संच वेगळा असावा, हे उघड आहे. पण या नियमात काय नाही ते पाहा. प्रायश्चित्त नाही, वेगळी झोपडी नाही, विटाळाचा शब्द नाही. दोष कोणाला? पाळी आली तिला नव्हे. जिने कापड अडवून ठेवले तिला! अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाने हा प्रश्न कापडाचा, धुण्याचा व वाटपाचा प्रश्न म्हणून सोडविला. बौद्ध म्हणविणाऱ्या सर्वांनी तो धडा राखला असेही नाही; उत्तर थायलंडमध्ये काही चैत्यांच्या आतल्या आवारात स्त्रियांना आजही जाता येत नाही आणि त्यास पाळीचेच कारण सांगतात. म्हणून 'आम्ही बौद्ध, आमच्यात हे नाही' असे म्हणून हात झटकू नका. आधी घरच्या दोरीकडे पाहा.

ऊन फुकट आहे, पाणी फुकट नाही. मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरात आली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिची छायाचित्रे छापली. त्या उन्हाळ्यात लातूरच्या मुलींनी पाळीचे कापड कशाने धुतले असेल, हा प्रश्न कोणत्याही वृत्तपत्राने विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. प्यावयास पाणी नाही तेथे धुण्यास कोठले, हे उत्तर सोपे आहे. पण म्हणूनच, केवळ कापडी पॅड वाटून मोकळे होऊ पाहणाऱ्यांना आमचा विरोध आहे. २०१९ साली घोषित झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे माप ठरविले. त्या मापात पाळीच्या चार दिवसांचा वेगळा हिशेब नाही. आणि नळ वस्तीच्या शेवटच्या टोकाला पोहोचतो तेव्हा त्याची धार बहुधा करंगळीएवढी असते. वस्तीचे शेवटचे टोक कोणाचे असते हे आमच्या वाचकांस सांगावे लागू नये. चवदार तळ्याच्या लढ्याला शंभर वर्षे होत आली. पाण्यावरचा हक्क म्हणजे ओंजळभर पिण्याचाच हक्क, असे त्या लढ्याने कधी म्हटले नव्हते.

लातुरास 'पॅटर्न'चे शहर म्हणतात. खेड्यापाड्यांतून मुली येथे डॉक्टर, इंजिनिअर होण्यासाठी येतात, वसतिगृहांत व भाड्याच्या खोल्यांत राहतात. एका खोलीत चौघी. खिडकी एक, तीही गल्लीकडे उघडणारी. तेथे दोरी कोठे बांधायची? मागासवर्गीय मुलींच्या सरकारी वसतिगृहांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोंदवहीत खाटा व गाद्या मोजाव्यात, त्याबरोबर गच्चीवरच्या दोऱ्याही मोजाव्यात.

एक शेवटची बाब, जिच्यामुळे हा विषय आपल्या समाजाच्या अधिकच जवळचा होतो. एकदा वापरून फेकलेला पॅड व लंगोट नाहीसा होत नाही. त्यात प्लास्टिक असते. तो गटारात अडकतो, उकिरड्यावर पडतो, आणि कोणाच्या तरी हातांनी उचलला जातो. ते हात कोणत्या जातीचे असतात? पुण्यातील 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतील बायकांनी २०१३ साली वापरलेले पॅड पिशव्यांत भरून थेट ते बनविणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठविले होते. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी अशा कंपन्यांवर वेष्टनाची पिशवी देण्याची जबाबदारी टाकली. कागदी वेष्टन आले, उचलणारे हात तेच राहिले. एका बाईची सोय म्हणून दुसऱ्या बाईच्या हाती जी घाण पडते, तिचा हिशेब कोणत्याही जाहिरातीत नसतो. कापडी पॅड ज्याचा त्याने धुवावयाचा असतो. आम्हांस तो प्रिय असण्याचे हेही एक कारण आहे.

तेव्हा करावयाचे काय? ग्रामसभेत एक ठराव आणा: वस्तीतल्या प्रत्येक मुलीस पहिल्या पाळीच्या वर्षी पाच कापडी पॅडचा संच व प्रत्येक बाळंतिणीस लंगोटांचा संच, खर्च ग्रामपंचायतीने करावा. फडावर जाणाऱ्या कुटुंबांना निघण्यापूर्वी तो मिळावा आणि पालांजवळ आडोसा व पाण्याची टाकी देण्याची अट कारखान्यावर घालावी. शाळेतल्या मोफत पॅडची मागणीही सोडू नका; शाळेत एक आणि घरी एक, यात विसंगती काही नाही. बचत गटांनी महिला आर्थिक विकास महामंडळाकडे व 'उमेद'कडे शिलाई यंत्रांची मागणी करावी. तान्ह्याचे लंगोट बापाने धुतले तर त्याची जात जाणार नाही; ती आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजीच सोडलेली आहे.

आणि एक काम सरकारकडे मागावे लागत नाही. भीमनगर असो की सिद्धार्थनगर, पंचशीलाचा ध्वज लावलेला लहानमोठा विहार आपल्या बहुतेक वस्त्यांत आहे व त्याला थोडेबहुत आवार आहे. त्या आवारात ऊन येते अशा बाजूस एक दोरी बांधा. ती मुलींच्या कापडाची दोरी आहे, असे वस्तीच्या बैठकीत, पुरुष हजर असताना, उघड सांगा. पहिले कापड समितीच्या अध्यक्षांच्या घरचे पडू द्या. काही दिवस लोक हसतील, काही म्हातारी माणसे विहाराला वळसा घालून जातील. त्यांच्याशी भांडू नका, दोरीही काढू नका.

पावसाळ्याची तेवढी अडचण आहे. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन चालते, बायका मोठ्या संख्येने येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत झड लागली की कापड वाळत नाही. त्यासाठी दोरीवर उतरता पत्रा हवा. बाजू मोकळ्या, म्हणजे वारा खेळेल, आणि दोरी भिंतीपासून हातभर दूर. हा पत्रा आषाढी पौर्णिमेच्या आधी बसला पाहिजे.